असू दे, लागेल! : अपरिग्रह आणि शिबिराची बॅग



आजचं वाचन : पातंजल योगसूत्रं, दुसरा पाद, सूत्र ३९. सोबत गीतेच्या सहाव्या अध्यायातले १० आणि ११ हे दोन श्लोक.

सूत्राचा भाव थोडक्यात असा, की ज्याचा अपरिग्रह पक्का झाला त्याला आपल्या जन्माचं 'कसं' आणि 'का' उमगतं. पाच यमांमधला हा शेवटचा यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि मग अपरिग्रह. पहिल्या चारांवर आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. पाचव्याचा अर्थ "साठवू नका" एवढा सांगून बहुतेक वेळा पुढे जातो.

या वेळी पुढे जाता आलं नाही. आमच्या रविवारच्या वाचनगटातली एक मैत्रीण जूनमध्ये दहा दिवसांसाठी मुंबईहून केरळला योगशिबिराला निघाली आहे. तिने सरळ विचारलं, "अपरिग्रह शिकायला निघालेय आणि इंटरनेटवर काय काय न्यायचं ते बघितलं तर ४२ वस्तूंची यादी! मग भरू तरी काय? की दोन कुर्ते घेऊन निघू आणि बाकी देवावर सोडू?"

झालं, गटात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, जितकं कमी तितकं चांगलं, तीच खरी साधना. दुसरा म्हणाला, परक्या ठिकाणी पावसात आजारी पडायची हौस असेल तरच असं कर. ऐकायला हा बॅगेचा वाद वाटतो. पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे : तयारी कुठे संपते आणि परिग्रह कुठे सुरू होतो? आणि कमी वस्तू बाळगणारा माणूस आपोआप अपरिग्रही ठरतो का?

तिथली हवा

आधी जागा समजून घेऊ. शास्त्र कुठल्या तरी जागी, कुठल्या तरी ऋतूतच जगायचं असतं.

नैऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनच्या सुमारास पोचतो. मुंबई-पुण्याला यायला त्याला आणखी आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आपण इथे ढगांकडे बघत असतो तेव्हा तिथे छत्र्या वाळत नसतात. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस, ज्याला तिथे तुलावर्षम म्हणतात, दुपारनंतर गडगडाट करत येतो.

अशा जागेचं एक उदाहरण घेऊ. तिरुवनंतपुरमच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, नेय्यार धरण आहे. त्याच्या काठावर स्वामी विष्णुदेवानंदांनी १९७८ मध्ये स्थापन केलेला शिवानंद आश्रम आहे. तिथला दिवस ठरलेला असतो. पहाटे उठणं, सत्संग, दिवसातून दोनदा आसनं, दोनदा सात्त्विक जेवण, मध्ये कर्मयोगाची सेवा आणि रात्री पुन्हा सत्संग. कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे. अशा दिनक्रमाला वस्तू फार लागतच नाहीत.

पण हवा मात्र परीक्षा बघते. हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम उडत नाही, नुसता ओघळतो. त्याच कारणाने दोरीवरचा कुर्ता रात्रभर पंख्याखाली राहूनही सकाळी ओलसरच लागतो. जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. चामड्याच्या पट्ट्याला, पाकिटाला पांढरी बुरशी येते. कोकणात आजोळ असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

भाष्यातले पाच दोष

सूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाचा अर्थ फार नेमका दिला आहे. वस्तूंमध्ये पाच दोष दिसतात, म्हणून त्या न स्वीकारणं हा अपरिग्रह. पाच दोष कोणते? मिळवण्याचे कष्ट, राखण्याचे कष्ट, झिजणं-नष्ट होणं, जीव गुंतणं आणि दुसऱ्याला होणारी इजा. संस्कृतात अर्जन, रक्षण, क्षय, संग, हिंसा.

मला वाटतं, केरळचा जून म्हणजे या भाष्याचं प्रात्यक्षिक आहे. एसी खोलीत कपाटबंद वस्तूंचे दोष वर्षानुवर्षं दिसत नाहीत. तिथे आठवड्यात दिसतात.

अर्जन बघा. शिबिराची नोंदणी झाली की खरेदी सुरू होते. नवी मॅट, मॅटची पिशवी, खास लेगिंग्ज, खास बाटली. मन शांत करायला निघालेला माणूस जायच्या आधीचे पंधरा दिवस डिलिव्हरीवाल्याच्या फोनची वाट बघत घालवतो.

रक्षण बघा. लॅपटॉप घेतला, मग त्याचा चार्जर, मग पावसाचं कव्हर, मग बॅगेला कुलूप, मग कुलपाची किल्ली कुठे ठेवायची याची काळजी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. एक छोटी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घेतली की तिच्या मागोमाग दहा येतात आणि सगळ्या सांभाळाव्या लागतात. ध्यानाला डोळे मिटले की मन खोलीतल्या कुलपाशी जाऊन बसतं.

क्षय तर सांगितलाच, बुरशी.

संग सगळ्यांत नाजूक. पांढरे लिननचे कपडे गरजेचे म्हणून घेतले, की हिरव्या झाडीत फोटो छान येईल म्हणून? उत्तर कुणाला द्यायचं नाहीये. पण वस्तू उचलताना मनाच्या पडद्यावर आपलंच चित्र दिसत असेल, तर आपण कपडे भरत नसून 'योग करणारा मी' नावाची एक प्रतिमा भरतो आहोत. ती सगळ्यांत जड असते आणि विमानतळावरच्या काट्यावर तिचं वजन येत नाही.

आणि हिंसा. इथे थोडं थांबायला हवं.

हलकी बॅग, पण कुणाच्या खांद्यावर?

वस्तूंमुळे होणारी इजा म्हटलं की आपल्याला कारखाने, प्लास्टिक वगैरे आठवतं. ते खरंच आहे. शाम्पूच्या पुड्या, ओले वाइप्स, प्लास्टिकच्या बाटल्या आपण तिथे टाकून येतो आणि तो कचरा कुणीतरी उचलतं. ते 'कुणीतरी' म्हणजे पहाटे आपल्या आधी उठलेली गावातली एखादी बाई असते. तिच्या वाट्याला आपला योग असा येतो.

पण दुसरी एक इजा आहे, ती कमी वस्तू नेणाऱ्याकडूनही होते. समजा एकाने अपरिग्रह म्हणून छत्री घेतली नाही. पाऊस आला की तो शेजारच्याच्या छत्रीत शिरणार आणि दोघं अर्धे भिजणार. टॉर्च नाही घेतला, रात्री दुसऱ्याला सोबत न्यायला लावणार. डासांचं मलम, सर्दीची गोळी, साबण, सुकी चादर, सगळं "जरा देतोस का?" करून मागणार. दहा दिवसांनी तो मित्रांना सांगेल, "मी फक्त एका सॅकवर गेलो होतो." खरं आहे. कारण त्याची उरलेली बॅग चार जणांनी उचलली होती.

आमच्या क्षेत्रात 'सर्व्हरलेस' म्हणून एक प्रकार आहे. नाव ऐकून वाटतं, सर्व्हरच नाही. सर्व्हर असतोच, दुसरीकडे, दुसऱ्याच्या देखरेखीखाली. रात्री तीन वाजता तो बंद पडला तर उठणारा माणूसही असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. बरेचदा आपला मिनिमलिझम असाच सर्व्हरलेस असतो.

वारीचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, गळ्यात टाळ, फार तर एक छोटी पिशवी. बघणाऱ्याला वाटतं, किती मोकळा माणूस! पण दिंडीमागे ट्रक असतो. त्यात तंबू, पातेली, शिधा, सगळ्यांच्या वळकट्या. फरक एवढाच की वारीत हे कुणी लपवत नाही. वर्गणी भरलेली असते, कामं वाटलेली असतात, पाणी आणणारा, चूल पेटवणारा, सामान चढवणारा प्रत्येक जण 'माउली' असतो. ओझं वाटून घेतलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिथलं हलकेपण खरं वाटतं.

कुणी म्हणेल, मग भागवतातल्या अवधूताचं काय? एकादश स्कंधात तो यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो आणि त्याच्याजवळ तर काहीच नाही. तो लोकांच्याच अन्नावर जगतो ना? हो, जगतो. पण भुंगा-मधमाशीकडून तो काय शिकला तेही वाचायला हवं. घ्यायचं तर अनेक फुलांमधून थोडं थोडं, एकाही फुलाला इजा न करता. आणि संध्याकाळसाठी, उद्यासाठी साठवायचं नाही, नाहीतर मधमाशीसारखं साठ्यासकट जावं लागतं. भिक्षेला असे नियम आहेत. शिवाय अवधूताकडे परतीचं तिकीट नव्हतं. आपल्याकडे आहे, आणि सोमवारी सकाळी दहाची मीटिंगही आहे. संन्याशाचं हलकेपण दहा दिवसांसाठी भाड्याने घेऊन गृहस्थाची जबाबदारी टाळणं, हे दोन्ही आश्रमांना धरून नाही.

गीतेने दिलेली यादी

आता गीता उघडू. सहाव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात भगवंत योग्याबद्दल सांगतात : एकांतात राहावं, चित्त आवरलेलं असावं, आशा नसावी, परिग्रह नसावा. इथे थांबलो तर वाटेल, झालं, काहीच नको.

पण पुढच्याच श्लोकात काय आहे? सामानाची यादी! शुद्ध जागा. तिथे बसण्यासाठी दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. आसन फार उंच नको, फार खाली नको, स्थिर हवं. अपरिग्रह सांगून झाल्यावर लगेच गीता तीन वस्तू मोजून देते, आणि आसन 'स्वतःचं' असावं असं सांगते. हा 'स्वतःचं' शब्द मला आज नव्याने दिसला. ज्याच्याकडे परिग्रह नाही त्यानेसुद्धा आपलं आसन आपण आणायचं आहे, आपण अंथरायचं आहे.

या श्लोकांवर ज्ञानेश्वरीत माउली जागेचं जे वर्णन करतात ते सवडीने वाचा. जागा अशी, की सहज वाटेने जाणाऱ्या विलासी माणसालाही तिथेच थांबून तप करावंसं वाटावं. म्हणजे जागेची, हवेची, बसण्याची काळजी घेणं हे योगाच्या विरोधात नाही. शरीराला दुर्लक्षित ठेवून मन शांत होत नाही. पुढे सोळाव्या-सतराव्या श्लोकात भगवंत खाणं, झोप, हालचाल सगळ्यालाच 'युक्त' असण्याची अट घालतात. फारही नको, अगदीच नाही असंही नको.

यातून मला दिसलेली कसोटी अशी. वस्तू हातात घेतल्यावर दोन प्रश्न विचारायचे. ही माझी जबाबदारी उचलते आहे का? की माझी भीती किंवा माझी प्रतिमा उचलते आहे? जबाबदारीची वस्तू पूर्ण न्यायची, तिच्यात काटकसर नको. भीतीची आणि प्रतिमेची घरी ठेवायची.

मग तिच्या बॅगेत काय?

वर्तुळ पूर्ण करायला मैत्रिणीसाठी प्रत्यक्ष हिशोबही केला. तुम्हालाही गोव्याला, कोकणात, केरळात, कुठल्याही दमट जागी जाताना उपयोगी पडेल.

कपडे : पातळ सुती कपड्यांचे चार जोड. हिशोब साधा आहे. पावसात एक जोड वाळायला दीड-दोन दिवस धरा. एक अंगावर, दोन दोरीवर, एक सत्संगासाठी कोरडा. दहा दिवसांचे दहा जोड नकोत, कारण रोज धुणं हीसुद्धा सेवा आहे. दोनच जोड नेले तर ओल्या कपड्यात बसून अंगावर पुरळ उठेल. लांब बाह्यांचं एक तरी हवं, संध्याकाळी डासांसाठी.

पंचा : जाड टर्किश टॉवेल घरीच. आपला पंचा किंवा केरळातला तोर्तू, दोन्ही पातळ सुती, लवकर वाळणारे. शेकडो वर्षं दमट हवेत राहिलेल्या लोकांनी शोधलेलं हे उत्तर आहे.

आसन : मॅट तिथे मिळते का हे आधी विचारावं. मिळत असेल तर दोन-अडीच किलोची रबरी मॅट लादून नेऊ नये, तीही भारतात सर्वांत जास्त रबर पिकवणाऱ्या राज्यात! पण मॅटवर घालायला स्वतःची एक सुती चादर न्यावी. घाम आपला, चादर आपली. गीतेतलं वस्त्र ते हेच.

औषधं : रोजची औषधं पूर्ण दिवसांची, वर दोन दिवसांची जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ओआरएसची चार पाकिटं, डासांचं मलम. इथे "देव बघून घेईल" म्हणायचं नाही. आपण आजारी पडलो तर जागरण दुसऱ्याला होतं.

छत्री, टॉर्च, रबरी चपला : तिन्ही आपल्या आपल्या. पावसाळ्यात अंधारात पायवाटेवर साप-विंचू असू शकतात, म्हणून टॉर्च आणि पायात चप्पल हवीच.

साबणाची वडी, पाण्याची स्टीलची बाटली, पाळीच्या दिवसांसाठी लागणारं साहित्य, आणि एक रिकामी पिशवी, आपला प्लास्टिक कचरा परत आणायला. ही रिकामी पिशवी माझ्या मते यादीतली सर्वांत अपरिग्रही वस्तू आहे.

आणि खिशात मावणारी गीता, एक वही, एक पेन.

एवढं सगळं सहा-सात किलोंत बसतं. विमानात केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते. आगगाडीत स्लीपरला ४० किलो चालतात, पण चालतात म्हणून न्यायचेच असं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला यादीबाहेर सांगितली. निघताना आई डबा देणारच. लाडू, चिवडा, गुळपोळी, आणि वर "असू दे गं, लागेल." तो डबा नाकारू नको. हे 'लागेल' भीतीतून आलेलं नाही, मायेतून आलेलं आहे. नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून जाईल तेव्हा डबा उघड आणि डब्यातल्या सगळ्यांना दे. आश्रमात पोचेपर्यंत तो रिकामा झालेला असेल. वाटलेल्या वस्तूचा परिग्रह होत नाही.

जन्माचं 'का'

शेवटी सूत्राकडे येऊ. वस्तू कमी करण्याचा आणि जन्माचं रहस्य कळण्याचा संबंध काय? मोठे अर्थ आचार्यांनी सांगितलेत. मला माझ्या मापाचा एक दिसतो.

बॅगेतल्या प्रत्येक जास्तीच्या वस्तूला भूतकाळ असतो आणि एक कल्पनेतला भविष्यकाळ असतो. तिसरा स्वेटर का? कधीतरी थंडीत कुडकुडलो होतो. दोन पॉवर बँक का? फोन बंद पडला तर मी एकटा पडेन. महागडी मॅट का? लोकांनी मला नवशिका समजू नये. वस्तू बाजूला काढली की तिच्या खाली दडलेली ही वाक्यं दिसायला लागतात. वस्तू बॅगेत असते तोवर ती दिसत नाहीत, कारण वस्तूने ती झाकून टाकलेली असतात. मी कुठून घडलो, कशाला घाबरतो, कुणासारखं दिसायला धडपडतो, हे सगळं त्या पलंगावरच्या ढिगात लिहिलेलं असतं. 'कसं' आणि 'का' उमगण्याची सुरुवात इथूनच होत असावी. मोठ्या जन्माचं उमगेल तेव्हा उमगेल. या एका जन्मातल्या गाठी तरी दिसू लागतात.

म्हणून बॅग भरणं हा शिबिराच्या आधीचा कंटाळवाणा भाग नाही. आसनं शिकवायला तिथे गुरुजी आहेत. पलंगावरच्या ढिगासमोर मात्र आपण एकटेच असतो, आणि तिथे यमांचा अभ्यास पहिल्यांदा प्रत्यक्षात करायला मिळतो.

आजचा अभ्यास : शिबिराला जात असा वा नसा, रोज ऑफिसला नेता ती बॅग आज रात्री रिकामी करा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा : जबाबदारी, भीती, की प्रतिमा? जबाबदारीची परत ठेवा. उरलेल्यांपैकी फक्त एक वस्तू उद्या घरी ठेवून जा आणि दिवसभर मनाकडे बघा. आणि बॅगेत एक वस्तू अशी ठेवा, जी दुसऱ्या कुणाला लागेल.

पांडुरंगा, जे माझं आहे ते मला उचलता येऊ दे. जे माझं नाही ते खाली ठेवता येऊ दे. आणि माझं ओझं जे कुणी न बोलता उचलतात, ते मला दिसू दे.

उद्याचं वाचन : सूत्र ४०, शौच. राम कृष्ण हरी!